एकाच खड्याचे पैसे दोनदा मोजले

2023 च्या धनत्रयोदशीला नाशिकमधील एका दुकानातून आम्ही मुलासाठी पुष्कराजाची अंगठी घेतली. दुकानदाराने खडा बसवलेली अंगठी तशीच काट्यावर ठेवली, 7.150 ग्रॅम वजन दाखवले, त्या संपूर्ण वजनाला बावीस कॅरेटचा भाव व घडणावळ लावली आणि सव्वापाच रत्ती खड्याची किंमत वर वेगळी घेतली. जीएसटी वाचेल असे सांगून त्याने कच्ची चिठ्ठी दिली व आम्ही ती स्वीकारली, ही आमची मोठी चूक झाली.

पुढे अंगठी सैल होऊ लागल्याने ती सराफ बाजारातील आमच्या नेहमीच्या सराफांकडे नेली. त्यांनी कोंदणाच्या नख्या हलकेच उघडून खडा पांढऱ्या कागदावर काढला आणि एकटाच तोलला. तो 0.640 ग्रॅम, म्हणजे 3.20 कॅरेट भरला. "काकू, एवढा खडा तुम्ही सोन्याच्या भावानेही घेतलात," असे ते म्हणाले, तेव्हा कुठे माझ्या लक्षात आले.

रत्नाचा कॅरेट हे वजन असून तो 200 मिलिग्रॅमचा असतो, तर सोन्याचा कॅरेट म्हणजे चोवीस भागांपैकी शुद्ध सोन्याचे भाग. रत्ती मात्र बाजारात एकसारखी नाही. कुठे ती सुमारे 121 मिलिग्रॅमची धरतात, कुठे 182 ची. आमच्याकडून दर मोठ्या रत्तीचा घेतला आणि खडा लहान रत्तीने दिला. म्हणून खड्याचे वजन कॅरेटमध्येच आणि तो कोंदणात बसवण्यापूर्वी करून घ्यावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

सोन्याचे दुःख त्याहून मोठे. अंगठीवर आतून 916, म्हणजे 91.6 टक्के शुद्ध बावीस कॅरेट, असे उमटवलेले होते, पण तपासणीच्या यंत्रावर शुद्धता 75 टक्केच, म्हणजे अठरा कॅरेट निघाली. जोडासाठी डाक, म्हणजे टाका, लावल्याने एवढा फरक पडत नाही. 6.549 ग्रॅम शुद्ध सोन्याचे पैसे देऊन खडा वगळता आमच्या हाती जेमतेम 4.88 ग्रॅम आले. बीआयएसचे (भारतीय मानक ब्युरोचे) त्रिकोणी चिन्ह आणि सहा अक्षर-अंकी एचयूआयडी, म्हणजे दागिन्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक, दोन्ही अंगठीवर नव्हते. वास्तविक 1 एप्रिल 2023 पासून एचयूआयडीशिवाय असा दागिना विकताच येत नाही. तो क्रमांक 'बीआयएस केअर' अॅपमध्ये टाकला की शुद्धता आणि दागिन्याचा प्रकार दिसतो.

हॉलमार्कच्या, म्हणजे शुद्धतेचा असा अधिकृत ठसा असलेल्या, दागिन्यात शुद्धता कमी निघाल्यास फरकाच्या दुप्पट रक्कम आणि तपासणीचा खर्च मिळण्याची तरतूद आहे. पण आमच्या अंगठीवर हॉलमार्कच नाही, आणि चिठ्ठीवर दुकानाचे नावसुद्धा नाही, तारीख, 7.150 हा आकडा आणि एक रक्कम, एवढेच पेन्सिलीने लिहिलेले आहे.