लूप हॅबिट ट्रॅकर: उत्साह ओसरल्यावर कामाला येणारं ॲप

सुरुवातीचा जोश सगळ्यांकडेच असतो, त्यासाठी ॲप लागतच नाही. ॲप लागतं ते तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, नवेपणा गेलेला असतो, फरक अजून दिसत नसतो आणि व्यायाम असो, नवीन भाषा असो की रोजचं लिखाण, "आज राहू दे, उद्या बघू" सुरू होतं. मी हॅबिट ट्रॅकर, म्हणजे सवयी पाळल्या की नाही याची नोंद ठेवणारी ॲप्स, याच एका कसोटीवर बघते आणि त्यात लूप मला सगळ्यात उजवं वाटलंय.

कारण त्याचा स्कोअर. बऱ्याच ॲप्समध्ये सलग दिवसांचा आकडा चढत जातो आणि एक दिवस हुकला की थेट शून्य! पाहुणे आले, ताप आला, काहीही असो, शून्य म्हणजे शून्य. मग माणूस म्हणतो आता काय उरलंय, आणि ॲपसकट सवयही सोडून देतो. लूपमध्ये प्रत्येक सवयीला टक्केवारी असते, केलं की वाढते, नाही केलं की थोडी घटते. रोजची सवय महिनाभर न चुकता केली तर ती साधारण ८० टक्क्यांवर जाते, दोन महिन्यांत ९६ च्या आसपास. ८० वर असताना एखादा दिवस गेला तर चारेक टक्के कमी होतात, बस. मागची मेहनत तिथंच दिसत असते, त्यामुळे दुसऱ्या दिवशी परत सुरू करायला जड जात नाही.

आणि हे नुसतं मनाचं समाधान नाही हां. फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनला ९६ लोकांवर केलेला अभ्यास २०१० मध्ये छापून आला, त्यात सवय अंगवळणी पडायला लागणारा मधला आकडा ६६ दिवस निघाला, पण माणसागणिक आणि सवयीगणिक तो १८ पासून २५४ पर्यंत होता. एखादी संधी हुकल्याने सवय लागण्यात फारसा फरक पडला नाही हेही त्यात दिसलं. म्हणजे २१ दिवसांत सवय लागते हे जे सगळीकडे ऐकवतात त्यावर विसंबून बाविसाव्या दिवशी निराश व्हायचं काही कारण नाही.

दुसरी आवडलेली गोष्ट म्हणजे सवय रोजचीच हवी अशी सक्ती नाही. आठवड्यातून तीनदा, एक दिवसाआड, कसंही ठेवा. होय-नाही नको असेल तर किती पानं, किती मिनिटं असा आकडाही टाकता येतो. इथे माझा आग्रह एवढाच की टार्गेट आपल्या सगळ्यात वाईट दिवसाला झेपेल एवढंच ठेवा, जोशातल्या दिवसाला बघून ठेवू नका. आणि एकदम दहा सवयी तर अजिबात टाकू नका, दोन पुरेत.

नवीन सवय टाकताना प्रश्नाची एक जागा असते, बरेच जण ती रिकामी सोडतात. सोडू नका! रिमाइंडरमध्ये तोच प्रश्न दिसतो. "व्यायाम केला का?" असं मोघम लिहिण्यापेक्षा "ब्रश झाल्या झाल्या पाच मिनिटं स्ट्रेचिंग केलं का?" असं लिहा. कधी, कुठे, कशानंतर हे आधीच ठरवलेलं असलं की काम पार पडण्याची शक्यता वाढते, पीटर गोलवित्झर या मानसशास्त्रज्ञाने यावर भरपूर काम केलंय. ऐनवेळी मूड आहे का विचारत बसलं की उत्तर बहुतेक वेळा नाहीच येतं.

बाकी ॲप फुकट आहे, जाहिराती नाहीत, ओपन सोर्स आहे (म्हणजे त्याचा कोड कुणालाही बघता येतो), अकाउंट काढावं लागत नाही, इंटरनेटशिवाय चालतं. दिसायला साधं आहे, बक्षिसं, पॉइंट्स, मित्रांशी स्पर्धा असलं काही नाही, ज्यांना कुणीतरी पाठीशी लागलेलं हवं असतं त्यांना ते कोरडं वाटेल, त्यांनी सोबत एखादा जोडीदार शोधावा. आयफोनवाल्यांना मिळणार नाही, फक्त ॲन्ड्रॉइडवर आहे. डेटा तुमच्याच फोनमध्ये राहतो म्हणून फोन बदलायच्या आधी सेटिंग्जमधून बॅकअप घेऊन ठेवा. आणि मध्ये खूप दिवस खंड पडलेला असेल तर जुनी सवय डिलीट करून नवीन कोरी टाकू नका, तीच उघडा आणि आजच्या चौकटीत टिक करा.