एक दिवा, एक रिफ्लेक्टर आणि हॉलची भिंत: घरगुती लाइट संचाचा आठ महिन्यांचा अनुभव

गेल्या दिवाळीनंतर मी घरी मांडता येईल आणि पिशवीत भरून कुठेही नेता येईल असा लाइटचा संच घेतला. व्यक्तिचित्रण, म्हणजे माणसांचे नीट, विचारपूर्वक फोटो काढणे शिकायचे, एवढाच हेतू होता. संच घेण्यापूर्वी मी बरीच परीक्षणे वाचली, पण त्यांत वॉट, वजन आणि किंमत यांपलीकडे फारसे काही नव्हते. अशा संचावर खरोखर शिकता येते का, आणि येत असेल तर त्यातील कोणती वस्तू शिकवते आणि कोणती नुसती जागा अडवते, हे मला हवे होते. म्हणून तेच येथे लिहीत आहे.

संच २१,५०० रुपयांना पडला. त्यात ६० वॉटचे दोन एलईडी दिवे, ६० बाय ९० सेंटिमीटरचे दोन सॉफ्टबॉक्स (दिव्यावर चढवायच्या, पुढे पांढरा कपडा असलेल्या, उजेड मऊ करणाऱ्या पेट्या), दोन स्टँड, ११० सेंटिमीटरचा घडीचा रिफ्लेक्टर (उजेड परतवणारा कापडी पडदा), पडदा टांगायची चौकट आणि काळा व पांढरा असे दोन सुती पडदे आहेत. सगळे मिळून साधारण १४ किलो भरते. दिवे सतत जळणारे आहेत, फ्लॅशसारखे लखलखणारे नाहीत, आणि शिकणाऱ्याच्या दृष्टीने ही सर्वांत मोठी सोय आहे. फ्लॅशचा परिणाम फोटो काढल्यावर कळतो, येथे मात्र दिवा वीतभर सरकवला की नाकाची सावली गालावर कशी सरकते ते डोळ्यांदेखत दिसते. उजेडाच्या बाबतीत फ्लॅश अर्थातच कितीतरी जोरकस असतो. माझ्या दिव्यावर सॉफ्टबॉक्स चढवून तो माणसापासून मीटरभर अंतरावर पूर्ण ताकदीने लावला, की कॅमेऱ्यात आयएसओ (उजेडाबद्दलची संवेदनशीलता) ४००, एफ (भिंगाच्या छिद्राचे माप) ४ आणि शटर (उजेड आत येण्याचा वेळ) १/१६० सेकंद एवढे गणित जमते. स्थिर बसलेल्या माणसासाठी ते पुरेसे आहे, पण धावत्या लहान मुलासाठी नाही.

खिडकीच्या उजेडातही उत्तम फोटो निघतात हे मी नाकारत नाही. वीज नव्हती तेव्हा स्टुडिओ उत्तरेकडच्या काचांतून येणाऱ्या सौम्य उजेडावरच चालत. परंतु आमची खिडकी पश्चिमेला आहे, समोर इमारत आहे आणि मला वेळ मिळतो तो रात्री साडेनऊनंतर. शिवाय खिडकीचा उजेड कालचा आज राहत नाही, त्यामुळे काल काय चुकले ते आज पुन्हा मांडून पाहता येत नाही. या संचाची खरी किंमत मला येथे कळली. स्टँडच्या पायांच्या जागी फरशीवर चिकटपट्टीच्या खुणा केल्या, दिव्याची उंची वहीत लिहून ठेवली, की मंगळवारचा उजेड शुक्रवारी जसाच्या तसा मिळतो, आणि मग एका वेळी एकच गोष्ट बदलून तिचा परिणाम तपासता येतो.

पहिले तीन आठवडे मी एकाही माणसाला बसवले नाही. स्टुलावर उन्हाळ्यातले पाण्याचे रिकामे मडके पालथे ठेवले आणि त्याचेच फोटो काढले. मडक्याला चकाकी नसते, ते गोल असते, आणि उजेड कोठे संपतो व सावली कोठे सुरू होते ती कड त्यावर स्वच्छ दिसते. सॉफ्टबॉक्स दोन फुटांवर असताना ती कड हळूहळू विरघळत जाते. तोच सॉफ्टबॉक्स सात फुटांवर नेला की मडक्याच्या दृष्टीने तो लहान होतो आणि कड सुरीने कापल्यासारखी होते. दिवा मोठा आणि जवळ असेल तर सावली मऊ, लहान आणि दूर असेल तर कठोर, हे वाक्य मी कितीतरी वेळा वाचले होते, पण समजले ते मडक्यावर.

दुसरा धडा भिंतीने दिला. दिव्यापासूनचे अंतर दुप्पट केले की उजेड निम्मा नव्हे तर चतुर्थांश होतो, आणि तिप्पट केले की एक-नवमांश उरतो. मडके दिव्यापासून ३ फुटांवर आणि भिंत मडक्याच्या मागे आणखी ६ फुटांवर ठेवली, तेव्हा आमच्या हॉलची पांढरीशुभ्र भिंत फोटोत गडद राखाडी आली. मी पडदा बदलला नव्हता, दिव्याचा जोरही तोच होता, केवळ अंतर वेगळे होते. ज्यांच्या घरी जागा कमी आहे त्यांनी हा प्रयोग अवश्य करावा, कारण पडद्यावर खर्च करण्यापूर्वी आपल्याच भिंतीचे किती रंग होऊ शकतात ते त्यातून कळते. लहान खोलीची अडचण वेगळीच असते. पांढऱ्या भिंती आणि छत उजेड परत फेकतात आणि हव्या असलेल्या सावल्या भरून काढतात. त्यावर उपाय म्हणून संचातला काळा पडदा मी पाठीमागे न लावता चेहऱ्याच्या सावलीकडच्या बाजूला टांगते, म्हणजे तिकडून परतणारा उजेड तो गिळतो. खोलीतली ट्यूबलाइट मात्र न विसरता बंद करावी, कारण तिची निळसर छटा दिव्याच्या उजेडात मिसळली की त्वचेचा रंग नंतर संगणकावरही धड सुधारत नाही.

माणूस प्रथम बसवला तो माझा मामा. एसटीतून निवृत्त झालेला, अंगात पांढरा नेहरू शर्ट, डोक्यावर गांधी टोपी, डोळ्यांवर जाड चष्मा आणि रंग चांगला सावळा. नवशिक्याला एवढ्या अडचणी एका माणसात सहसा मिळत नाहीत. दिवा लागताच तो म्हणाला, "अगं, भर उन्हात उभं केल्यासारखं वाटतंय." सतत जळणाऱ्या दिव्यांचा हा दोष खरा आहे. खोली अंधारी आणि दिवा प्रखर असला की डोळे बारीक होतात आणि चेहरा आक्रसतो. सॉफ्टबॉक्सचा आतला दुसरा पांढरा कपडा लावून आणि मागे एक लहान बल्ब छताकडे तोंड करून ठेवल्यावर तो सैलावला.

चष्म्याच्या काचांत सॉफ्टबॉक्सचा पांढरा चौकोन ठळक दिसत होता. आरसा आणि चष्म्याची काच यांचा नियम एकच असतो, उजेड ज्या कोनात येतो त्याच कोनात परततो. म्हणून दिवा वर नेला आणि मामाला चष्म्याच्या काड्या कानांवरून अगदी किंचित उचलायला सांगितल्या. काचा खाली झुकल्या, चौकोन गेला आणि डोळ्यांत उजेडाचा लहान ठिपका तेवढा राहिला. हा ठिपका नसला तर डोळे विझल्यासारखे दिसतात, त्यामुळे दिवा फार वर नेऊनही चालत नाही. मामाच्या बाबतीत योग्य उंची सापडेपर्यंत माझा अर्धा तास गेला.

त्वचेच्या बाबतीत कॅमेऱ्यावर विसंबू नये असे माझे ठाम मत झाले आहे. पांढरा शर्ट आणि टोपी पाहून कॅमेरा एकूण उजेड कमी धरतो आणि सावळा चेहरा काळवंडतो, तर मागे काळा पडदा असेल तर उलट सगळे फटफटीत होते. सगळ्या सेटिंग हाताने ठरवाव्यात, उजेड चेहऱ्यावरचा मोजावा आणि चेहरा आहे त्या रंगाचा यावा. सावळ्या त्वचेवर कपाळ आणि गालाच्या उंचवट्यावर जी चकाकी येते ती लपवायची गोष्ट नाही, चेहऱ्याचा आकार तिच्यामुळेच उठून दिसतो. मोठा सॉफ्टबॉक्स जवळ आणला की ती पसरते आणि सुंदर दिसते.

एकाच दिव्याने किती साधते याचा उत्तम नमुना चित्रकार सावळाराम लक्ष्मण हळदणकरांच्या जलरंगातल्या चित्रात आहे. म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातले, हातात दिवा घेतलेल्या स्त्रीचे ते चित्र अनेकजण रवी वर्म्यांचे समजतात. हळदणकरांनी ते १९४५ च्या सुमारास आपल्या मुलीला उभे करून रंगवले. ज्योतीवर धरलेल्या बोटांतून उमटणारी लाली आणि खालून वर चढत विरत जाणारा उजेड पाहिला की दुसऱ्या दिव्याची गरज कुठे आहे असे वाटते. मी तो प्रयोग करून पाहिला आहे. खालून आलेला उजेड सौम्य आणि उबदार नसेल तर चेहरा भेसूर दिसतो, इतका तो प्रकार नाजूक आहे.

संचातल्या दुसऱ्या दिव्याबद्दल मात्र माझी तक्रार आहे. दोन्ही दिव्यांवर ५६०० केल्विन (उजेडाच्या रंगछटेचे माप) छापलेले असूनही एकाचा उजेड किंचित हिरवट होता. नुसत्या डोळ्यांना ते जाणवले नाही, पण मामाचा एक गाल आहे तसा सावळा आणि दुसरा आजाऱ्यासारखा आला तेव्हा लक्षात आले. विक्रेत्याने आधी कॅमेऱ्याला दोष दिला. दोन्ही दिव्यांखाली एकाच पांढऱ्या कागदाचे फोटो काढून पाठवल्यावर दिवा बदलून मिळाला, त्यात तेवीस दिवस गेले. त्या तेवीस दिवसांत मी रिफ्लेक्टरवर काम भागवले आणि त्याचा उपयोग मला तेव्हाच उमगला. सावलीकडच्या गालापासून हातभर अंतरावर त्याची पांढरी बाजू धरली तर सावली उजळते, पण पुसली जात नाही. सोनेरी बाजू मी एकदाच वापरली, हळदीच्या समारंभात बसवल्यासारखा रंग आला.

स्टँड हा संचातला सर्वांत कच्चा भाग आहे. सॉफ्टबॉक्ससह दिवा पुढे झुकतो, आणि पंखा तीनवर असताना एकदा तो तोल जाऊन सोफ्यावर पडला. तेव्हापासून जुन्या जीन्सचे पाय कापून, शिवून, त्यांत तीन-तीन किलो वाळू भरून मी त्या पिशव्या स्टँडच्या पायांवर टाकते. घरात मूल असेल तर वजन टाकल्याखेरीज दिवा उभा करू नये. पडदेही सुमार आहेत. पांढऱ्यातून मागची खिडकी दिसते आणि काळ्यावर प्रत्येक सुरकुती उमटते. पडद्याची चौकट मी दोनदा वापरून माळ्यावर टाकली.

मे महिन्यात संच घेऊन कराडजवळच्या मामाच्या गावी गेले. पिशवी एसटीच्या फळीवर मावली नाही, डिकीत टाकावी लागली, आणि परत येईपर्यंत तिची चेन गेली होती. तरीही नेले याचे समाधान आहे. मामाच्या घरात काळी घोंगडी होती, ती दाराच्या चौकटीवर टांगली. लोकर उजेड शोषून घेते आणि सुरकुत्या दाखवत नाही, त्यामुळे संचातल्या काळ्या पडद्यापेक्षा ती शतपटीने सरस ठरली. एक दिवा मामाच्या डावीकडे ४५ अंशांवर, डोळ्यांच्या थोडा वर. उजवीकडे मामीने धरलेला रिफ्लेक्टर. सावलीतल्या गालावर उजेडाचा लहान त्रिकोण उमटला. याच मांडणीला जगभरचे छायाचित्रकार सतराव्या शतकातल्या डच चित्रकार रेम्ब्रांटचे नाव देतात. तो फोटो आता मामाच्या ओटीवर लावला आहे.

आज पुन्हा खरेदी करायची झाली तर मी पूर्ण संच घेणार नाही. चांगल्या प्रतीचा एक दिवा, एक सॉफ्टबॉक्स, भक्कम स्टँड आणि रिफ्लेक्टर एवढेच घेईन आणि उरलेले पैसे दुसरा दिवा खरोखर हवासा वाटेपर्यंत बाजूला ठेवीन. ज्यांना पूर्ण संचच घ्यायचा आहे त्यांनी सामान घरी येताच, परत करण्याची मुदत संपण्याआधी, दोन्ही दिव्यांखाली पांढऱ्या कागदाचा फोटो काढून रंग ताडून पाहावा.