बीएमडब्ल्यू ३३०आय एम स्पोर्ट: उन्हाळा, पावसाळा आणि बरेच घाट झाल्यावर

बीएमडब्ल्यू ३ सिरीजची ही पिढी, म्हणजे जी२०, ऑगस्ट २०१९ मध्ये भारतात आली तेव्हा ३३०आय एम स्पोर्टची एक्स-शोरूम किंमत ४७.९० लाख होती. माझी सेकंडहँड, पुणे पासिंगची. घसाऱ्याचा मोठा फटका पहिल्या मालकाने सोसलाय, त्यामुळे मी जरा उदार मनाने लिहितोय हे धरून चाला.

सगळे पहिल्यांदा विचारतात, किती पळते? पळते की. १९९८ सीसीचं टर्बो पेट्रोल, २५८ हॉर्सपॉवर, ४०० न्यूटन मीटर टॉर्क. शून्य ते शंभर, कंपनीच्या दाव्यानुसार, ५.८ सेकंदांत. पण हा आकडा चारचौघांत सांगण्यापुरता. मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर मर्यादा १०० ची, समृद्धीवर १२० ची, आणि त्या वेगाला ही गाडी इतकी निवांत असते की आपल्याला काट्यावर नजर ठेवण्यापलीकडे काम उरत नाही. नुसतं अंतरच कापायचं असेल तर निम्म्या किमतीत उत्तम गाड्या मिळतात.

हिची खरी गंमत पन्नास-साठच्या वेगात, वळणांवर आहे. वाईहून पाचगणीला चढणारा पसरणी घाट घ्या. वळणाआधी ब्रेक, स्टिअरिंगमागचं गिअर बदलायचं डावं पॅडल दोनदा, गाडी दुसऱ्या गिअरात. स्टिअरिंग फिरवलं की नाक लगेच आत वळतं, बॉडी झुकत नाही. वळण सुटायला लागलं की ॲक्सिलरेटर हलकेच द्यायचा. मागची चाकं गाडी ढकलतायत हे तेव्हा थेट पाठीला कळतं. वजन पुढच्या-मागच्या चाकांवर जवळपास निम्मंनिम्मं वाटलंय आणि ताकद फक्त मागच्या चाकांना जाते, त्यामुळे पुढच्या चाकांना वळण्याखेरीज दुसरी जबाबदारी नाही. फ्रंट व्हील ड्राइव्ह गाड्यांमध्ये वर्षं काढलेल्या माणसाला हा फरक पहिल्याच घाटात जाणवतो. पूर्ण टॉर्क १५५० आरपीएमपासूनच मिळतो. पुढे एसटी रखडत चढत असेल आणि समोरचा रस्ता थोडाच वेळ मोकळा मिळणार असेल, तर इंजिनाला ओरडायला न लावता ओव्हरटेक उरकतो. आठ गिअरचा ऑटोमॅटिक तर मला इंजिनापेक्षा जास्त आवडला. पाय किती दाबलाय यावरून तुमच्या मनात काय आहे ते त्याला कळतं. सुरुवातीला पॅडल हौसेने वापरले, आता उतारावर इंजिन ब्रेकिंगसाठीच हात जातो.

दोन कुरबुरी, दोन्ही चोखंदळपणाच्या. स्टिअरिंग अचूक आहे, स्पोर्ट मोडमध्ये जडही होतं, पण टायरखाली नेमकं काय चाललंय ते हाताला पुरेसं सांगत नाही. ३ सिरीजच्या जुन्या ई९० पिढीचं हायड्रॉलिक (तेलाच्या दाबावर चालणारं) स्टिअरिंग चालवलेले लोक यावर तासभर बोलू शकतात, आणि त्यांचं खोटं नाही. दुसरं म्हणजे, एकेकाळी ३३०आय म्हटलं की तीन लिटरचं, सहा सिलिंडरचं इंजिन असायचं. आता आकडा तोच, सिलिंडर चार. ताकद कमी नाही, पण तो सूर गेला.

पावसाळ्यात ही गाडी शहाणपणाने चालवावी लागते. पहिल्या सरीनंतर रस्त्यावर तेलकट चिखलाचा थर असतो, त्यावर ताम्हिणीत वळणातून निघताना जरा जास्त ॲक्सिलरेटर दिला की मागची बाजू किंचित सरकते, डॅशबोर्डवर पिवळा दिवा लुकलुकतो आणि इलेक्ट्रॉनिक्स ताकद कापून गाडी सरळ करतं. भीती वाटत नाही. जाणीव मात्र राहते. स्पोर्ट मोड मी पावसाळाभर बंदच ठेवला.

शहरात मात्र चित्र वेगळं. टायर १८ इंची, कमी उंचीचे आणि रन-फ्लॅट. हवा पूर्ण गेली तरी ताशी ८० च्या आत ८० किलोमीटरपर्यंत जाता येतं, ही सोय मोठी. पण त्यासाठी टायरची बाजू (साइडवॉल) कडक असते, आणि पेवर ब्लॉकचा प्रत्येक सांधा मणक्यापर्यंत पोचतो. पावसाळ्यातल्या एका खड्ड्याने पुढच्या टायरला फुगा आणला. पुढे आणि मागे टायरचं माप वेगळं, त्यामुळे पुढचा मागे असं रोटेशनही करता येत नाही. उंच गतिरोधकांवर गाडी तिरकी घालायची सवय लागली आहे. मागचे रिक्षावाले त्यावर काय म्हणतात ते इथे लिहीत नाही.

मागच्या सीटबद्दल आमच्या आईंचं मत अंतिम मानावं. बसताना खाली जावं लागतं, उठताना कोणीतरी हात द्यावा लागतो. दोघांना लांबचा प्रवास छान होतो. तिसऱ्याच्या पायांमध्ये गाडीच्या तळातला मधला उंच बोगदा, म्हणजे उंचवटा, येतो. लग्नाला सगळं घर निघालं की आम्ही दुसरी गाडी काढतो.

मायलेज पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये सात-आठ, हायवेवर शंभरच्या आसपास धरल्यास तेरा-चौदा. सर्व्हिस महाग आहेच, पण टायरचं कोटेशन हाती येतं तेव्हा खरी कळ लागते.

एक फीचर मी नुसतं दिखाऊ समजत होतो: रिव्हर्सिंग असिस्टंट. कमी वेगात पुढे गेलेले शेवटचे ५० मीटर गाडी लक्षात ठेवते आणि त्याच वाटेने स्वतः स्टिअरिंग फिरवत मागे येते; ब्रेक आणि ॲक्सिलरेटर तेवढे आपल्याकडे. सदाशिव पेठेतल्या बोळात समोरून टेम्पो आला की हे वापरून पाहा.

हिची डिझेल बहीण ३२०डी घ्यावी की ही, असं विचारणाऱ्यांना: महिन्याला दोन-तीन हजार किलोमीटर हायवे होत असेल तर डिझेल घ्या. रविवारी सकाळी सहाला, काही काम नसताना, वाईपर्यंत जाऊन यावंसं वाटत असेल तर ही. आणि सेकंडहँड बघताना सर्व्हिस रेकॉर्डबरोबर चारही टायरवरची उत्पादनाची तारीख वाचा, रिम आतून हात फिरवून तपासा, वाकलेला असेल तर किमतीत आधीच कापून घ्या.