लाल बोर्डवरचा २.८ इंची आयएलआय९३४१ टीएफटी डिस्प्ले: डेस्कटॉप इन्स्टॉल न करता चित्र काढायला कितपत चांगला?

चौदा पिनांचं, लाल पीसीबीवरचं हे एसपीआय (बिटामागून बिट पाठवणारी जोडणी) मॉड्यूल ऑनलाइन मिळतं, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरही मिळतं. २४० बाय ३२० पिक्सेल, कंट्रोलर आयएलआय९३४१, रेझिस्टिव्ह (दाबाने चालणाऱ्या) टचसाठी एक्सपीटी२०४६ चिप, शिवाय एसडी कार्डचा सॉकेट. रास्पबेरी पाय झीरो २ डब्ल्यू या छोट्या लिनक्स संगणकाला (पुढे नुसता ‘पाय’) हे जोडून, एक्स किंवा वेलँड (डेस्कटॉपच्या खिडक्या दाखवणारी सॉफ्टवेअर) न चालवता, थेट स्क्रीनवर चित्र काढायचं असेल तर घ्यावं का? तापमानाचा मीटर, टायमर, पंपाचं पॅनेल यांसाठी बिनदिक्कत घ्या. व्हिडिओ चालवायचा असेल तर नको, आणि याचं कारण साध्या गुणाकारात आहे.

एक पूर्ण फ्रेम म्हणजे ३२० × २४० × २ (दर पिक्सेलला २ बाइट) = १,५३,६०० बाइट. बिटांत १२,२८,८००, आणि हे सगळे एकाच डेटा वायरवरून एकामागून एक जायचे. डेटाशीटमध्ये लिहिण्याचा क्लॉक १० मेगाहर्ट्झ दिलाय. त्या वेगाला सेकंदाला जेमतेम ८ फ्रेम. प्रत्यक्षात हा कंट्रोलर ३२ मेगाहर्ट्झ सहसा निमूट सोसतो. तेव्हा जास्तीत जास्त २६ फ्रेम, म्हणजे दर फ्रेमला ३८ मिलिसेकंद. टचचा चिपही त्याच बसवर बसतो (आणि तो २ मेगाहर्ट्झच्या वर नेऊ नये), त्यामुळे पूर्ण फ्रेम जात असताना बोटाची नोंद ताटकळते. याउलट ९६ × ३२ पिक्सेलचा एक आकडाच बदलला तर ६,१४४ बाइट, दीड मिलिसेकंदात काम संपलं. या मॉड्यूलवर सगळी कला बदललं तेवढंच पाठवण्यात आहे.

जोडणी सोपी आहे. एसडीआय (डेटा आत घेणारी) पायच्या १९ नंबरच्या पिनला, एससीके (क्लॉक) २३ ला, सीएस (चिप निवडणारी) २४ ला, डीसी (कमांड की डेटा हे सांगणारी) १८ ला, रीसेट २२ ला. टचचे क्लॉक आणि डेटा याच बसला समांतर, डेटा बाहेर येणारी टीडीओ २१ ला, टचचा सीएस २६ ला. व्हीसीसीला ३.३ व्होल्ट देणार असाल तर बोर्डवरचा जे१ जंपर सोल्डरने जोडा; त्याने रेग्युलेटर वगळला जातो. मात्र जे१ जोडल्यावर चुकूनही ५ व्होल्ट देऊ नका, पॅनेल जाईल. पायऐवजी आर्डुइनो उनो (५ व्होल्टचा बोर्ड) वापरणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की व्हीसीसी ५ चालत असलं तरी सिग्नलच्या पिना ३.३ व्होल्टच्याच आहेत. बॅकलाइटची पिन थेट जीपीआयओवर (पायच्या इनपुट-आउटपुट पिनवर) लावू नये. पायची पिन १६ मिलिअँपिअरपर्यंतची, बॅकलाइटला त्याहून बरंच जास्त लागतं. ३.३ व्होल्टला बांधा, किंवा कमी-जास्त करायचा असेल तर मध्ये पी-चॅनेल मॉस्फेट (स्विचसारखा ट्रान्झिस्टर) घाला.

स्क्रीन नुसती पांढरी दिसतेय? बॅकलाइटला वीज मिळाली की तो लागतोच, कंट्रोलर जागा असो वा नसो. आधी डीसी आणि रीसेट तपासा, त्या दोघींची अदलाबदल हा नेहमीचा घोटाळा. ठिपके सांडल्यासारखे दिसत असतील तर वायर लांब आहेत. दहा सेंटिमीटरच्या आत आणा, नाहीतर क्लॉक १६ मेगाहर्ट्झवर उतरवा. लाल-निळा उलटा आला तर हेक्स ३६ या (चित्राची दिशा आणि रंगांचा क्रम ठरवणाऱ्या) कमांडमधला बीजीआर बिट बदला. आणि एसपीआयडेव्हवरून (प्रोग्रामला थेट एसपीआय वापरू देणाऱ्या लिनक्सच्या सोयीतून) स्वतः बाइट पाठवत असाल अन् रंग भलतेच येत असतील, तर बाइटचा क्रम बघा: कंट्रोलरला वरचा बाइट आधी लागतो, पायच्या मेमरीत खालचा आधी असतो.

आता ड्रायव्हर. जुन्या व्हिडिओंमध्ये एफबीटीएफटी हा ड्रायव्हर आणि मुख्य फ्रेमबफरची (स्क्रीनच्या चित्राची मेमरी, एफबी०) नक्कल या छोट्या स्क्रीनच्या फ्रेमबफरवर (एफबी१) करणारे प्रोग्राम सुचवलेले असतात. एफबीटीएफटी २०१५ पासून कर्नलच्या स्टेजिंगमध्येच (अजून पक्क्या न झालेल्या ड्रायव्हरांच्या भागात) आहे. तो चालतो, पण बदललेल्या ओळींपैकी सर्वांत वरची आणि सर्वांत खालची धरून मधलं सगळं पाठवतो. वर घड्याळ आणि खाली स्टेटसची पट्टी ठेवलीत की दर सेकंदाला पूर्ण स्क्रीन वाहून नेली जाते! नवीन काम एमआयपीआय-डीबीआयच्या डीआरएम (कर्नलची नवी ग्राफिक्स व्यवस्था) ड्रायव्हरवर करा. डम्ब बफर (चित्रासाठीची साधी मेमरी) बनवा, आपल्या प्रोग्रामला मॅप करा, त्यात काढा आणि बदललेला आयत डर्टीएफबी या हाकेने कळवा. हे कळवलं नाही तर मेमरीत चित्र बदलतं आणि स्क्रीन ढिम्म राहते. एकाच हाकेत दोन लांबचे आयत दिले तर ड्रायव्हर दोघांना कवेत घेणारा एकच मोठा आयत करतो, म्हणून दोन हाका वेगळ्या मारा. फॉरमॅट ५६५ चा (लाल ५, हिरवा ६, निळा ५ बिट) निवडा. ३२ बिटांचा घेतला तर रूपांतराचं काम विनाकारण सीपीयूवर पडतं.

साधा फ्रेमबफरच वापरायचा असेल तर पिक्सेलचा पत्ता काढताना रुंदी गुणिले दोन असं गृहीत धरू नका, ड्रायव्हरकडून ओळीची लांबी विचारून घ्या. कन्सोलचा लुकलुकणारा कर्सर चित्रातून डोकावू नये म्हणून टर्मिनल ग्राफिक्स मोडमध्ये टाकतात. प्रोग्राम मेला तर ते तसंच अडकून राहतं, तेव्हा सिग्नल पकडून परत टेक्स्ट मोडवर आणायची सोय पहिल्या दिवशीच करा.

बटणं, आलेख, स्लायडर हवे असतील तर एलव्हीजीएल ही ग्राफिक्स लायब्ररी घ्या. एमआयटी परवाना, डीआरएम आणि फ्रेमबफर दोन्हींसाठी तयार ड्रायव्हर, आणि स्क्रीनच्या दहाव्या भागाएवढा, म्हणजे १५,३६० बाइटचा बफरही त्याला पुरतो. पण मराठीचं काय? इथे एलव्हीजीएल गुण गमावते. अरबीच्या अक्षरजोडणीची सोय तिच्यात आहे, देवनागरीची नाही. ‘स्थिती’ लिहायला सांगितलं तर पहिली वेलांटी चुकीच्या जागी बसते आणि जोडाक्षराचा हलन्त उघडा पडतो. लेबलं ठरलेली असतील तर ती मुक्तासारख्या फाँटमध्ये आधीच चित्रं करून ठेवा आणि फक्त आकडे चालू वेळी काढा. मजकूर बदलता असेल तर एलव्हीजीएल सोडून पँगो आणि कैरो वापरा: पँगो हार्फबझ या अक्षरजोडणीच्या लायब्ररीकडून अक्षरं नीट जुळवून घेतो, कैरो थेट ५६५ च्या पृष्ठभागावर रंगवतो, तुम्ही तो आयत बफरात उतरवता. झीरो २ डब्ल्यूला हे जड नाही. मात्र स्क्रीन इंचाला साधारण १४३ पिक्सेलची आहे, २० पिक्सेलपेक्षा लहान मराठी अक्षर काढलंत तर रफार आणि अनुस्वार एकमेकांत मिसळतात.

दोन उणिवांवर मात्र सॉफ्टवेअरचा इलाज नाही. कंट्रोलर टीई सिग्नल (पॅनेल रंगवण्याची वेळ कळवणारी खूण) देतो, पण या बोर्डवर तो पिनपर्यंत आणलेलाच नाही, त्यामुळे पूर्ण स्क्रीन सरकवली की चित्र फाटतं (एका भागात नवी, दुसऱ्यात जुनी फ्रेम दिसते). आडव्या मांडणीत तर ते तिरकं फाटतं, कारण पॅनेल लांब बाजूनेच स्कॅन होतं. दुसरी उणीव टीएन प्रकारच्या एलसीडी पॅनेलची: एका बाजूने पाहिलं की रंग उलटतात. डबा भिंतीवर डोळ्यांच्या वर लागणार की खाली, हे ठरवून मगच मॉड्यूल कोणत्या बाजूने बसवायचं ते पक्कं करा. चित्र १८० अंशात फिरवणं त्याच ३६ च्या कमांडने होतं, पण मग टचचे अक्ष उलटतात आणि कॅलिब्रेशन पुन्हा करावं लागतं.