खिडकी लाल झाली: नुसतं कार्ट्रिज बदलावं की अख्खा एसपीडी?

मे महिन्यातल्या वळवाच्या एका पावसात मिरजेच्या आमच्या घरातला राउटर आणि पाण्याच्या फिल्टरचा अडॅप्टर एकदमच गेले. डीबीचं (एमसीबी असतात त्या वीज-डब्याचं) झाकण उघडलं, तर एसपीडीवरची, म्हणजे विजेचा झटका जमिनीत वळवणाऱ्या सर्ज प्रोटेक्टरवरची, फेजची खिडकी लाल. पहिल्यांदा वाटलं, आत्ताच्या विजेनं उडाला. पण झाकण दिवाळीनंतर कुणी उघडलंच नव्हतं. तो परतीच्या पावसातच गेलेला असेल, तर आम्ही सहा महिने उघड्यावर होतो.

एसपीडी मेला तरी घरातली लाईट जात नाही, तीच खरी गोम. तो लाईनला समांतर जोडलेला असतो. आतली व्हॅरिस्टरची चकती (व्होल्टेज वाढलं की वाट मोकळी करणारी) दर झटक्यागणिक थोडी झिजते, तिच्यातून गळती वाढते, ती तापते, शेवटी आतला सोल्डरचा डाग वितळून ती लाईनपासून सुटते आणि खिडकी लाल होते. पंखे, दिवे चालूच.

हिरवी खिडकी म्हणजे सगळं ठीक, असंही नाही. एसपीडीला वेगळा एमसीबी दिला असेल आणि तोच पडलेला असेल, तर हिरव्या खिडकीचा एसपीडी नुसता शोभेला. एमसीबी उचलला की पुन्हा पडतोय? मेन बंद करा, कार्ट्रिज (एसपीडीच्या बेसमधून ओढून निघणारा, खिडकीचा भाग) ओढून काढा, मग चालू करून बघा. आता टिकला तर कार्ट्रिज आतून शॉर्ट आहे. तरीही पडला तर बेस किंवा वायरिंग बघायचं. मेन बंद केला तरी त्याच्या वरच्या बाजूला करंट असतोच, आणि खात्री मल्टीमीटरनंच करायची, टेस्टरच्या लुकलुकण्यावर नाही. हात बसलेला नसेल तर वायरमनला बोलवा.

बेस स्वच्छ असेल, टर्मिनल काळं पडलेलं नसेल, आतल्या पट्ट्या घट्ट असतील, तर नुसतं कार्ट्रिज बदलणं शहाणपणाचं. काम दोन मिनिटांचं, वायरीला हात लागत नाही. अट एकच: त्याच कंपनीचं, त्याच मॉडेलचं, त्याच व्होल्टेजचं हवं. न्यूट्रल-आर्थचं कार्ट्रिज बहुधा वेगळं असतं, आत गॅस ट्यूब असते, ते फेजच्या जागी चालत नाही. अडचण मिळण्याची. मी सांगलीत तीन दुकानं पालथी घातली, शेवटी मागवावंच लागलं.

अख्खा एसपीडी बदलायची वेळ बेस जळला तर येतेच. पण मुळात निवड चुकली असेल तरीही येते, आणि हे कुणी बघत नाही. आमच्या एसपीडीवर 275 व्होल्ट लिहिलं होतं, म्हणजे तो कायम झेलू शकेल ते कमाल व्होल्टेज. रात्री मोटारी बंद झाल्या की आमच्या लाईनवर 255 दिसतात. एवढ्या कमी फरकात व्हॅरिस्टर म्हातारा होणारच. अशा ठिकाणी 320 व्होल्टचा बरा. तो झटका किंचित जास्त वर जाऊ देतो, पण टिकतो.

दुसरं, वायर. फेजपासून एसपीडीपर्यंत आणि तिथून आर्थच्या पट्टीपर्यंत मिळून अर्धा मीटर, त्याहून जास्त नको. विजेच्या झटक्यात मीटरभर वायरीवर हजारेक व्होल्ट सहज चढतात, ते तुमच्या टीव्हीच्या वाट्याला येतात. आमच्याकडे आर्थची वायर सव्वा मीटर, तीही नीट वेटोळं करून, केबल टायनं बांधलेली! बसवणाऱ्याला बहुतेक ते देखणं वाटलं असावं. नवीन बसवताना 6 स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर सरळ, आखूड घेतली, आणि एसपीडी आरसीसीबीच्या (गळती झाली की लाईन तोडणाऱ्या स्विचच्या) आधी आणला.

प्रकार निवडताना: शहरातल्या फ्लॅटला टाईप 2 (लाईनवरून येणारे झटके झेलणारा) पुरतो. पाटण, महाबळेश्वरकडे घरावर तडितवाहक (पडणारी वीज जमिनीत नेणारा दांडा) असेल किंवा उघड्या तारांवरून लाईन येत असेल, तर थेट विजेचा मारही झेलणारा टाईप 1+2 घ्या. सोलरच्या डीसी बाजूला एसीचा एसपीडी लावू नका, तिथला वेगळाच येतो.

दोन्हींपैकी काहीही घ्यायच्या आधी मात्र एक तपासा. लाईट मध्येच भगभगते आणि मध्येच मंदावते का? शेजारी उलटं होतं का? मग न्यूट्रल सैल किंवा तुटलेला आहे. तेव्हा घरात 400 व्होल्टच्या आसपासही येऊ शकतात आणि नवा एसपीडी काही मिनिटांत जळतो; तो क्षणभराच्या झटक्यासाठी असतो, तासभराच्या जादा व्होल्टेजसाठी नाही. आधी महावितरणच्या 1912 ला तक्रार, मग ओव्हर-व्होल्टेज रिले (व्होल्टेज वाढलं की लाईन तोडणारा), मग एसपीडी.

मी 320 चा अख्खा बसवला आणि झाकणाच्या आत चिकटपट्टीवर तारीख लिहिली. मागवलेलं कार्ट्रिज आठ दिवसांनी आलं. नव्या बेसमध्ये ते बसत नाही, टीव्हीखालच्या ड्रॉवरमध्ये पडून आहे.