रत्नागिरीत भाड्याने गाडी घेताय? गाडी आधी पुसून बघा

आमचा सम्या दोन वर्षं आयर्लंडला होता. तिथे ते चार मित्र मिळून गाडी भाड्याने घेऊन वाइल्ड अटलांटिक वे फिरले, तो समुद्राकाठचा अडीच हजार किमीचा रस्ता, आणि आल्यापासून त्याचं एकच तुणतुणं, की अरे बारीक बारीक रस्ते, मध्येच मेंढ्या, गाडी पण आपल्यासारखीच डावीकडून, अगदी कोकणच रे. म्हटलं मग कोकणातच करूया की! ट्रेनने रत्नागिरी, तिथून सेल्फ ड्राइव्ह गाडी, आरे-वारे, गणपतीपुळे, जयगडला जेटीवरून फेरीबोटीत गाडीसकट तवसाळ, मग हेदवी, वेळणेश्वर, गुहागर. तीन दिवस.

गाडी मंग्याने फोनवर ठरवली. दिवसाला २५००, डिपॉझिट १०,००० आणि वर एकाचं ओरिजिनल आधार कार्ड (हे देऊ नका, अजिबात देऊ नका, आम्ही दिलं). पहाटे स्टेशनबाहेर माणूस गाडी घेऊन हजर, गाडी अख्खी ओली, पाणी निथळतंय. म्हणाला, "तुमच्यासाठी आत्ताच धुऊन आणलीय हो." आम्हाला काय कौतुक! मोबाईलच्या टॉर्चवर गोल फिरून व्हिडिओ पण काढला, शहाणे ना आम्ही. पण ओल्या पत्र्यावर बारीक ओरखडे दिसतच नाहीत, सगळं चकाचक दिसतं, हे तेव्हा कुणाच्या डोक्यात येणार. नंबर प्लेट पांढरी होती तेही बघितलं आणि सोडून दिलं. भाड्याने स्वतः चालवायच्या गाडीची प्लेट काळी असते, त्यावर पिवळी अक्षरं. पांढरी म्हणजे खाजगी गाडी, तिला असं भाड्याने द्यायची परवानगीच नाही, आणि काही झालं तर इन्शुरन्सवाले हात वर करू शकतात.

ट्रिप झकास झाली, त्यावर नंतर कधीतरी लिहीन.

परत द्यायला गेलो तेव्हा ट्रेनला तासभर होता. त्या माणसाने ना पुढचा बंपर बघितला ना काच, ना टायर. सरळ मागच्या डाव्या दाराशी जाऊन उकिडवा बसला, खालच्या कडेवर बोट ठेवलं आणि म्हणाला, "हे काय केलात तुम्ही? गडग्याला घासलीत ना?" वीतभर ओरखडा, आत तपकिरी गंज. मी म्हटलं, अहो कालचा ओरखडा असता तर आज गंज कसा? तर म्हणे खारं वारं आहे, इथे दोन दिवसात चढतो! आता कोकणात खाऱ्या वाऱ्याशी कोण वाद घालणार, आमच्याच गावच्या घराची खिडकी गंजून गळून पडलीय.

पेंटिंगचे आणि गाडी गॅरेजला उभी राहणार त्याचे मिळून १४,००० मागितले. पोलिसात जाऊ म्हटलं तर हसला, "जावा की, मी सांगेन मित्रांना वापरायला दिलेली." पावती नाही, अॅग्रीमेंट नाही, आधार त्याच्या खिशात आणि ट्रेनला वीस मिनिटं. शेवटी डिपॉझिटवर पाणी सोडलं, कार्ड घेतलं आणि पळालो. सम्या ट्रेनमध्ये एवढंच म्हणाला, तिकडे क्रेडिट कार्डवर रक्कम अडकवून ठेवतात आणि गाडी देतानाच आधीच्या प्रत्येक ओरखड्याची खूण कागदावर करून दोघं सह्या करतात. हे आता सांगतोयस होय रे!

घरी आल्यावर मी हे सगळं फॅमिली ग्रुपवर टाकलं. दहा मिनिटात चिपळूणच्या मावसभावाने त्याच्या मित्राच्या मोबाईलमधला दिवाळीतला फोटो पाठवला. तीच गाडी, तेच दार, तोच वीतभर ओरखडा. त्याच्याकडून ८,००० घेतलेन.

फोटोत गंज मात्र जरा कमी होता.