मॅग्नेटिक मुळाक्षरांचा सेट, होळी ते दिवाळी वापरून: 'आजोबा' येतं, 'बाबा' येत नाही

काल कुरिअरवाला एक छोटं पाकीट देऊन गेला, आत बबल रॅपमध्ये गुंडाळलेला एक ङ. हो, ङ. आता आमच्या घरात दोन ङ आहेत आणि ब अजून एकच आहे, म्हणून एकदाचा हा रिव्ह्यू लिहून टाकतोय.

ब्रँडचं नाव लिहीत नाही, असे चार-पाच मिळतात आणि सगळे एकाच साच्यातले दिसतात. लाकडी अक्षरं, मागे चुंबक, सोबत एका बाजूने काळा आणि दुसऱ्या बाजूने पांढरा बोर्ड, चित्रांची कार्डं. मापं आणि वजन लिस्टिंगवर बघा. होळीच्या सुमारास 849 ला घेतला, तेव्हा चिऊ साडेतीनची होती आणि जूनपासून इंग्लिश मीडियमला ज्युनिअर केजीत जाणार होती, म्हणजे मराठी जे काय यायचं ते घरातच यायला हवं. डब्यावर आयएसआय मार्क आहे, पण खेळण्यांना तो 1 जानेवारी 2021 पासून सक्तीचाच आहे, त्यामुळे त्याचं वेगळं कौतुक नाही. कडा गुळगुळीत, रंग अजून टिकून आहे, आणि ळ आहे. हे मुद्दाम सांगतो कारण देवनागरी म्हणून विकतात ते बरेच सेट हिंदीचे असतात, त्यात ळ नसतो, आणि आम्ही राहतो लालबागला, इकडे परळ तिकडे चिंचपोकळी, ळ शिवाय घराबाहेर पडायची सोय नाही. ल मात्र हिंदी वळणाचा दिलाय. माझ्या आईने डबा उघडल्या उघडल्या "हा कसला ल" म्हणून बाजूला काढून ठेवला.

लिस्टिंगवर फोटोत अक्षरं फ्रिजवर लावलेली दाखवलीत. आमचा फ्रिज काचेच्या दरवाजाचा, त्याला काही चिकटत नाही, आणि हल्ली निम्म्या घरांत तसलेच फ्रिज आहेत, तेव्हा आधी जुना मॅग्नेट लावून बघा. स्टीलच्या डब्यांचंही तेच, काहींना चिकटतं काहींना नाही, कारण निकेलवालं स्टील चुंबकाला दाद देत नाही. आमच्याकडे शेवटी लोखंडी कपाट कामी आलं. आतल्या खोलीतलं, बाबांच्या वेळचं, त्याच्या खालच्या अर्ध्या दारावर चिऊचा हात बरोबर पोचतो आणि तिथे ही अक्षरं अशी घट्ट बसतात की दार आपटलं तरी पडत नाहीत. बोर्डापेक्षा ते कपाटच बरं.

आता मुद्द्याचं. या सेटमध्ये प्रत्येक अक्षर एकच आहे. काना एक, वेलांटी एक, सगळं एकेक. तुम्ही म्हणाल त्यात काय, अक्षरओळख करायला एक पुरे. मीपण असंच म्हणत होतो, पण पोरगी आठवड्याभरात ओळखीच्या पुढे जाते ना. आधी तिला आई करून दिलं, आ आणि ई, झालं, खूष. मग आजी. मग ताई, शेजारची. मग म्हणाली "बाबा, आता बाबा लिही." मी ब लावला, काना लावला, आणि डब्यात हात घालून दुसरा ब शोधायला लागलो. नाहीच. मग ती म्हणते "बाबाला एकच बा?" आणि जाऊन आजीला सांगून आली की बाबा अर्धाच आहे.

नंतर माझ्या लक्षात आलं की मराठीत लहान मूल जे शब्द पहिले बोलतं त्यातले बरेचसे डबल आहेत हो! बाबा, काका, मामा, दादा, नाना. यातला एकसुद्धा या सेटवर होत नाही. काकू पण नाही, दोन क लागतात. आजोबा होतं, मावशी होतं, आत्या होत नाही कारण जोडाक्षराची सोयच नाही, त्यामुळे माझी बहीण अजून कपाटावर यायची आहे आणि बायकोची बहीण कधीच येऊन बसली.

मग मला नादच लागला. लोकलने जाता-येता स्टेशनचे बोर्ड वाचून मनातल्या मनात सेट लावून बघायचो. दादर, द दोन, बाद. चिंचपोकळी, च दोन, बाद. करी रोड, र दोन, बाद. माटुंगा आणि वडाळा कान्यासाठी गेले, भायखळा पण. परळ होतं, शिवडी होतं, घाटकोपर होतं, ठाणे होतं. आमचं लालबाग? दोन ल, दोन काने, पोरीला स्वतःचा पत्ता लिहिता येत नाही 849 रुपयांत. बायको म्हणाली आता बस कर, लोक बघतात तुझ्या ओठांकडे.

आणि राग याचा येतो की ङ दिलाय, ञ दिलाय, ऋ दिलाय. ञ ने सुरू होणारा शब्द साडेतीन वर्षांच्या पोराला कोण सांगणार, त्या कार्डावर बिचाऱ्यांनी चित्रच काढलेलं नाही, नुसतंच मोठं ञ. तोच लाकडाचा तुकडा कान्याला वापरला असता तर निम्म्या अडचणी मिटल्या असत्या. उलट जे लागतं ते नाही. शासनाने 2009 च्या निर्णयात ॲ आणि ऑ वर्णमालेत घेतले, इतकी वर्षं झाली, या सेटमध्ये त्यांचा पत्ता नाही. मुंबईतल्या पोराचं अर्धं जग बॅट, बॉल, बॅग, ऑटो. पहिली वेलांटी तर चौकोनी तुकड्यावर अशी कोरलीय की तिची कमान पुढच्या अक्षरावर जातच नाही, शेजारी नुसती उभी राहते.

मी त्यांना मेल केला, साधा, पैसे देतो म्हटलं, एक ब, एक क, एक म, एक द आणि तीन काने वेगळे पाठवा. उत्तर आलं, तुमच्या सेटमध्ये सर्व अक्षरे असल्याने मिसिंग पार्टची तक्रार ग्राह्य धरता येत नाही. मी तक्रार केलीच नव्हती, मी गिऱ्हाईक म्हणून माल मागत होतो.

दरम्यान आईने स्वतःचं सुरू केलं. स्टीलच्या ताटात बोटभर रवा पसरायचा आणि त्यात बोटाने अक्षर काढायचं, चुकलं की ताट हलवायचं, पाटी कोरी. म्हणजे जुन्या पंतोजींच्या शाळेतली धूळपाटीच, फक्त धुळीऐवजी रवा. यात ब कितीही काढा, कोण अडवतंय! तिने अ आ इ पासून सुरू केलंच नाही, ग म भ न पासून केलं, मग र स, मग व ब क, म्हणजे एकाला एक रेघ किंवा गाठ वाढवली की पुढचं अक्षर. सेटवाल्यांची कार्डं अ ला अननस करून ओळीने जातात, आणि अ काढायला किती अवघड आहे ते चार वर्षांच्या हातात बोट देऊन बघा. रवा नंतर चाळून ठेवायचा, त्या ताटातल्या रव्याचा शिरा नाही केला एवढंच.

पॉलिश पेपरचा प्रयोग माझा. खरखरीत कागदाची अक्षरं करून मुलांना दोन बोटांनी गिरवायला द्यायची ही मारिया माँटेसरींची पद्धत, त्यांनी रोममध्ये 1907 ला पहिलं बालगृह काढलं तेव्हाच्या काळातली. तयार मराठी सेट बघितला तर किंमत ऐकून मुकाट परत आलो. हार्डवेअरच्या दुकानात पॉलिश पेपरचा तुकडा 20 रुपयांच्या आत येतो, बारीक नंबरचा घ्या, जाडा बोटाला लागतो. पुठ्ठा पार्सलच्या खोक्याचा. एक ट्रिक आहे, अक्षर कागदाच्या मागच्या गुळगुळीत बाजूला काढून कापायचं असतं, म्हणून ते आरशात दिसेल तसं उलटं काढायचं, नाहीतर पुढून ग बघितला की तोंड फिरवून बसलेला. कात्री जुनी घ्या, धार जाते. घ आणि ध मध्ये ती गोंधळायची ते यानेच सुटलं, ध ची गाठ बोटाला लागते आणि तिथे ती थांबते. माँटेसरीबाई 1939 ला भारतात आल्या, पण त्यांचं सगळं साधन महाग, ते इथल्या मुलांना परवडेल असं करायचं काम आपल्या ताराबाई मोडकांनी 1945 पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडला केलं, शिंपले, बिया, पानं, खडे घेऊन. त्यांनी आमचं ताट बघितलं असतं तर पास केलं असतं असं आईचं मत आहे.

इथपर्यंत मी पावसाळ्याआधी लिहून ठेवलं होतं आणि दोन तारे देणार होतो. पुढे थोडं बदललं.

पावसाळ्यात आधी वाईट झालं. बोर्ड लाकडी म्हणून विकलाय तो एमडीएफचा, म्हणजे लाकडाचा चुरा दाबून केलेल्या फळीचा निघाला, जुलैत कोपरे फुगले, वरचा कागद सुटला. आणि ज्या ङ ला कोणी हात लावला नव्हता त्याचाच चुंबक गोंद सुटून खाली पडला. हे मात्र चेष्टेवारी नेऊ नका. पोराने एकापेक्षा जास्त चुंबक गिळले तर आतड्यात ते एकमेकांना ओढतात, मधला भाग दाबून भोक पडू शकतं, ऑपरेशनची वेळ येते. घरात तीनच्या आतलं मूल असेल तर हा सेट आणूच नका. आम्ही सगळी अक्षरं मागून तपासली, सैल वाटली त्यांना परत चिकटवलं, आणि आता आवरताना कपाटावर एकदा हात फिरवून बघतो.

मी फोटोसकट तक्रार टाकली. यावेळी पटकन उत्तर, कोणतं अक्षर खराब झालं? मी म्हटलं झालंय ङ, पण तुम्ही त्याऐवजी ब पाठवा, ङ चं मी काय करू. चॅटवरची मुलगी बिचारी नम्र होती, म्हणाली सर, सिस्टीममध्ये जे अक्षर रिपोर्ट झालंय तेच डिस्पॅच होतं. मी सुपरवायझर मागितला. सुपरवायझरने पण तेच सांगितलं, फक्त हिंदीत. पुढचं तुम्हाला माहीत आहे.

पण बदललं ते दसऱ्याला. पाटीपूजनाला आईने खरी दगडी पाटी आणली आणि खडूचा डबा, खडू उरले म्हणून चिऊने ते कपाटाकडे नेले. संध्याकाळी बघतो तर कपाटावर लाकडी बा, आणि त्याच्या शेजारी खडूने पत्र्यावर काढलेला दुसरा बा. काना ब पासून वीतभर लांब, ब ची पोटातली रेघ बाहेर आलेली, पण लिहिलेला. कोणी सांगितलं नव्हतं. तिथून तिने धडाकाच लावला, एक अक्षर लाकडाचं आणि जे डब्यात नाही ते खडूचं, काका, मामा, दादर सुद्धा. दोन ब असते तर ती नुसती लावत बसली असती आणि खडू हातात घ्यायला अजून वेळ गेला असता असं बायकोचं म्हणणं. असेल. पण त्याचं श्रेय मी कंपनीला देणार नाही, त्यांनी हे ठरवून केलेलं नाही, लाकूड वाचवलंय.

एक गोष्ट खरंच चांगली आहे ती पण सांगतो. शाळेतून एबीसीडी सुरू झाली तेव्हा तिच्यासाठी इंग्लिशचे पण मॅग्नेट आणले, त्यात छोटा बी उलटा फिरवला की क्यू होतो, डी फिरवला की पी, आणि ती रडकुंडीला येते. आपल्या अक्षरांना डोक्यावर रेघ, त्यामुळे तुकडा कसा धरायचा ते तिला सांगावं लागलं नाही, रेघ वरती, संपलं. सेटमध्ये ती रेघ ठसठशीत कोरलीय, तेवढं काम छान केलंय.

ज्यांनी आधीच घेतलाय त्यांच्यासाठी. इस्टेट एजंट आणि प्लंबर जे मॅग्नेटवालं कॅलेंडर किंवा कार्ड दारात टाकून जातात ते फेकू नका. कात्रीने कापलं जातं, पुठ्ठ्याच्या अक्षरामागे फेविकॉलने तुकडा लावा, झाला तुमचा जादा काना. लाकडी अक्षराचं वजन त्याला पेलत नाही, पुठ्ठ्याचं पेलतं. मी ॲ ची चंद्रकोर पण तशीच केली, आता बॅट होतं. आणि दिवाळीत आईने सोऱ्यातून चकलीऐवजी थोडे ब आणि काने पाडून तळले, मोडके निघाले, पण ब ची टंचाई त्या दिवशी संपली आणि चिऊने दोन 'बाबा' खाल्ले.

वरच्या मजल्यावर पण हाच सेट आहे हे परवा लिफ्टमध्ये कळलं. आता रविवारी दोन्ही डबे एकत्र ओततो, लालबाग होतं. म्हणजे हिशेब केला तर पूर्ण मराठी लिहायला 1698 रुपये पडतात, तरी त्यात आत्या येत नाही.

घ्यायचाच असेल तर ऑर्डरच्या आधी प्रश्न विचारा, काना किती आहेत? एक असं उत्तर आलं तर राहू द्या, रवा आणि पॉलिश पेपर आणा. 500 च्या खाली सेलमध्ये दिसला आणि घरात लोखंडी कपाट असेल तर विचार करा, बोर्ड मात्र पावसाळ्यात गादीखाली टाकू नका. दोनाचे तीन तारे करतोय, वाढलेला तारा ळ चा.